शेवटचा छापील अंक काढण्यापूर्वी

खेळांची आणि छंदांची मासिकं चालवणाऱ्या, आणि छपाई थांबवून फक्त डिजिटल होण्याच्या विचारात असलेल्या सर्व संपादक-प्रकाशकांस,



कागदाचे भाव, छपाईची बिलं, टपालाचा खर्च, विक्रेत्यांकडून परत येणारे गठ्ठे आणि आटत चाललेल्या जाहिराती हे सगळं तुमच्या टेबलावर आहे याची मला कल्पना आहे. तोटा सोसून मासिक छापत राहा असं सांगण्याचा अधिकार वर्गणीदाराला नाही. त्यामुळे तुमच्या हिशेबाशी मी वाद घालणार नाही. छपाई थांबल्यावर वाचक जे बोलतात ते तुम्ही नीट ऐकावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे. दर वेळी ते बोलणं जुन्या आठवणींचा उमाळा म्हणून बाजूला सारलं जातं, आणि काही वर्षांनी पाहावं तर वाचकांना जी भीती वाटत होती तीच खरी ठरलेली असते.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत पूर्ण उदाहरण ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ या दोन अमेरिकी मासिकांचं आहे. छपाई थांबली, डिजिटल आवृत्ती आली, ती चालली, मग तीही थांबली. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं घडून गेलेलं आहे. तुमचं मासिक बुद्धिबळाचं असो, तिकीटसंग्रहाचं असो की पतंगांचं, ही हकिगत तुमच्या कामाची आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण डंजन मास्टर होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते ठरवतात, आणि अडलेल्या जागी वीस बाजूंचा फासा निकाल देतो. ठरलेला पट नाही, ठरलेला शेवट नाही. पुण्यात आमचा गट हा खेळ खेळतो आणि डंजन मास्टरच्या खुर्चीत बहुतेक वेळा मीच असते, म्हणून अनुभवाने सांगू शकते की या खेळाइतकी नव्या मजकुराची भूक दुसऱ्या कुठल्याच खेळाला नसेल. नवे राक्षस हवेत, नवी गावं हवीत, नकाशे हवेत, आणि नियमावरून दोघांचं जुंपलं तर निवाडा करणारं कुणीतरी हवं.

ही भूक भागवायला टीएसआर या कंपनीने विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून जून 1976 मध्ये ड्रॅगनचा पहिला अंक काढला. संपादक टिम कास्क. दहा वर्षांनी, 1986 मध्ये, जोडीला डंजन आलं. त्यात खेळायला तयार अशी अ‍ॅडव्हेंचर असायची: नकाशा, खोल्यांचे क्रमांक, कुठल्या खोलीत काय दडलंय, कोण कुणाशी खोटं बोलतंय. ड्रॅगनमध्ये ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ नावाचं सदर होतं. वाचक नियमांबद्दल शंका विचारायचे आणि तिथे उत्तर छापून आलं की जगभरातल्या टेबलांवरचा तो वाद मिटायचा. 1983 पासून ‘इकॉलॉजी’ ही लेखमाला सुरू झाली. खेळातला एखादा राक्षस घ्यायचा आणि निसर्ग अभ्यासक एखाद्या प्राण्यावर लिहील तसं त्याच्यावर लिहायचं: तो काय खातो, कुठे राहतो, पिल्लं कशी वाढवतो. ज्याने कुणी हे पहिल्यांदा सुचवलं त्याला खेळ म्हणजे काय हे खरोखर कळलं होतं असं मला वाटतं. शिवाय चित्रकथा होत्या. डेव्ह ट्रॅम्पियर यांची ‘वर्मी’ 1988 मध्ये गोष्ट अर्ध्यात असतानाच अचानक बंद झाली, आणि तिचं पुढे काय झालं हे वाचक वर्षानुवर्षं विचारत राहिले. ज्या मासिकातल्या अर्धवट राहिलेल्या चित्रकथेची लोक इतकी वर्षं आठवण काढतात, त्याचं वाचकांशी नातं कुठल्या जातीचं असेल याचा अंदाज यावरून यावा.

पण या मासिकांनी केलेलं सर्वांत मोठं काम वेगळंच होतं. त्यांनी वाचकांना लेखक केलं. कॅनडात ग्रंथालयात काम करणारे एड ग्रीनवुड 1979 पासून ड्रॅगनमध्ये लिहू लागले. त्यांच्या मनात लहानपणापासून एक जग रचलेलं होतं. लेखालेखातून ते डोकावू लागलं. टीएसआरने ते विकत घेतलं आणि 1987 मध्ये ‘फरगॉटन रेल्म्स’ या नावाने प्रसिद्ध केलं. आज या खेळाच्या कादंबऱ्या, संगणकावरचे खेळ आणि सिनेमे यांतला मोठा भाग त्याच जगात घडतो. ख्रिस पर्किन्स यांचं पहिलं अ‍ॅडव्हेंचर 1988 मध्ये डंजनच्या 11व्या अंकात छापलं गेलं. पुढे तेच डंजनचे संपादक झाले आणि मग या खेळाच्या कर्त्या मंडळींपैकी एक. लिफाफ्यातून आलेलं अनोळखी माणसाचं हस्तलिखित कुणीतरी उघडून वाचत होतं, सुधारून घेत होतं, पैसे देऊन छापत होतं. छंदाच्या मासिकाची संपत्ती ही असते. आणि ती ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

आता 2007 कडे येते. मधल्या काळात टीएसआर कर्जात बुडाली होती. 1996 च्या अखेरीनंतर काही महिने ड्रॅगन निघालंच नाही. मग 1997 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली आणि अंक पुन्हा सुरू झाला. 2002 पासून दोन्ही मासिकं परवान्यावर पैझो पब्लिशिंग ही छोटी कंपनी काढत होती, आणि फार चांगली काढत होती. अनेक अंकांमधून पुढे सरकणाऱ्या लांबलचक अ‍ॅडव्हेंचर-मालिका त्यांनी डंजनमध्ये सुरू केल्या. ‘शॅकल्ड सिटी’, ‘एज ऑफ वर्म्स’, ‘सॅव्हेज टाइड’. पहिल्या अंकात गावातले नवशिके म्हणून निघालेली पात्रं वर्षभराने शेवटच्या अंकात राक्षसांच्या राजासमोर उभी ठाकायची. आणि अशा भरात एप्रिल 2007 मध्ये जाहीर झालं की विझर्ड्स परवाना पुढे वाढवणार नाही. छापील मासिकं थांबतील. यापुढचा मजकूर कंपनी स्वतः इंटरनेटवर देईल. सॅव्हेज टाइड पुरी व्हावी म्हणून तेवढी सवलत मिळाली. ड्रॅगनचा 359वा आणि डंजनचा 150वा अंक हे शेवटचे छापील अंक ठरले.

वाचकांची प्रतिक्रिया त्या दिवसांत उसळून आली. आपल्या हातात पडलेला पहिला अंक कुठला, तो कुणी आणून दिला, मुखपृष्ठावर काय होतं, हे हजारो लोकांना सांगावंसं वाटलं. वरवर पाहिलं तर हा सगळा आठवणींचाच पूर होता. पण त्या आठवणींच्या पोटात तीन स्पष्ट तक्रारी होत्या आणि त्या कुणी वेगळ्या काढून ऐकल्या नाहीत.

एक तक्रार होती वेळेची. महिन्याला एक अंक, त्याला क्रमांक, त्याला शेवटचं पान. सगळ्या गटांच्या हातात तोच अंक त्याच आठवड्यात असतो, म्हणून त्याबद्दल बोलता येतं, भांडता येतं. रोज थोडा थोडा मजकूर येत राहिला तर तो कुणी कधी वाचला याचा मेळ राहत नाही, आणि वाचकांचा जो समुदाय मासिकाभोवती जमलेला असतो तो पांगतो. दुसरी तक्रार होती दाराची. ज्याच्या नावे हा खेळ, त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर बाहेरच्या लेखकाचं हस्तलिखित पूर्वीसारखंच आस्थेने वाचलं जाईल का? तिसरी तक्रार साधी, आणि सर्वांत खोल. आज मी पैसे भरले आणि उद्या वर्गणी थांबवली, तर माझ्याकडे काय उरेल?

विरोधी सूरही होता आणि तो दडवणं अप्रामाणिकपणा ठरेल. अमेरिकेबाहेरच्या वाचकांना डिजिटल अंकाचा आनंद झाला होता. मी स्वतः त्यांच्यातली आहे. या मासिकांचे जुने अंक आपल्याकडे पोचायचे ते परदेशातून आलेल्या कुणाच्या सामानातून, नाही तर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून, तेही सुटे आणि कुठल्याही क्रमाने. मालिकेचा तिसरा भाग मिळाला म्हणजे पहिला मिळेलच असं नव्हतं. वर्गणी भरायची तर अंकाच्या किमतीहून टपालखर्च जड. डिजिटल अंक ओहायोतल्या मुलाला आणि पुण्यातल्या मुलीला एकाच दिवशी मिळतो, हा न्याय छापील मासिकाने आम्हाला कधी दिला नव्हता. कमी दिसणाऱ्या वाचकाला अक्षर मोठं करता येतं, हजारो पानांत हवा तो राक्षस शोधता येतो. म्हणून मी कागदाच्या वासाबद्दल या पत्रात एक ओळही लिहिणार नाही. माझा आग्रह कागदाचा नाही. मासिक डिजिटल होताना मासिकच राहावं, हा आहे.

ते तसं राहिलं नाही. त्याचे तपशील सांगते, कारण तुमच्यासमोर डिजिटल सेवेचा प्रस्ताव घेऊन येणारा कुणीही ते सांगणार नाही.

विझर्ड्सने ड्रॅगन आणि डंजनचे क्रमांक पुढे चालू ठेवले आणि दोन्ही मासिकं ‘डी अँड डी इनसायडर’ या सेवेचा भाग केली. सुरुवातीला मजकूर मोफत होता, मग वर्गणी सुरू झाली. लेख महिनाभर एकेक करून येत आणि महिन्याच्या शेवटी त्यांचा एकत्र अंक बांधून पीडीएफ मिळे. मध्यंतरी काही काळ तो एकत्र अंक बांधणंही थांबवलं गेलं, म्हणजे मासिकाचं नाव उरलं आणि मासिक उरलं नाही. 6 एप्रिल 2009 रोजी विझर्ड्सने या खेळाच्या सगळ्या जुन्या-नव्या पुस्तकांच्या पीडीएफची विक्री एकाएकी थांबवली. कारण दिलं चोरट्या प्रतींचं. ती विक्री परत सुरू व्हायला 2013 उजाडलं. वर्गणीदारांना पात्रं तयार करायला एक सॉफ्टवेअर दिलेलं होतं, ते आपल्या संगणकावर उतरवून घेता येई. 2010 मध्ये त्याची जागा फक्त इंटरनेटवर चालणाऱ्या आवृत्तीने घेतली. ती सिल्व्हरलाइट या तंत्रावर उभी होती आणि ते तंत्र पुढे मोडीत निघालं. डिसेंबर 2013 च्या अंकांनंतर दोन्ही मासिकं थांबली: ड्रॅगन 430व्या अंकावर, डंजन 221व्या अंकावर. 2015 मध्ये ‘ड्रॅगन प्लस’ नावाचं मोफत अ‍ॅप आलं आणि 2022 मध्ये तेही संपलं. इनसायडर सेवा 1 जानेवारी 2020 रोजी कायमची बंद झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं वर्गणी भरून तिथे आपली पात्रं, आपल्या मोहिमा साठवल्या होत्या, त्यांच्यासाठी ते दार लागलं.

छापील ड्रॅगन 31 वर्षं चाललं. डिजिटल ड्रॅगन जेमतेम सहा. आणि 1976 चा पहिला अंक ज्याच्या कपाटात आहे तो आजही तो उघडून वाचू शकतो. त्यासाठी कुठल्या कंपनीचा सर्व्हर चालू असावा लागत नाही.

पैझोचं काय झालं हे इथे सांगायलाच हवं, कारण त्यात वाचकांचं उत्तर आहे. हातची दोन्ही मासिकं गेल्यावर त्या छोट्या कंपनीने ऑगस्ट 2007 मध्ये ‘पाथफाइंडर’ या नावाने दर महिन्याला एक छापील खंड काढायला सुरुवात केली आणि जुन्या वर्गणीदारांना उरलेल्या वर्गणीत हे खंड घेण्याचा पर्याय दिला. मोठ्या संख्येने वाचक त्यांच्यामागे गेले. विझर्ड्सने 2008 मध्ये खेळाची चौथी आवृत्ती आणली तेव्हा पैझोने जुन्या नियमांवर आधारलेला स्वतःचा खेळ करायचं ठरवलं, त्याचा कच्चा मसुदा वाचकांपुढे मोफत ठेवला, त्यांच्याकडून तपासून घेतला आणि ऑगस्ट 2009 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. 2011 पर्यंत अमेरिकेतल्या हॉबी दुकानांच्या विक्रीत पाथफाइंडर मूळ खेळाच्या पुढे गेला होता. हे केवळ मासिकं बंद केल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. चौथ्या आवृत्तीचे नियम अनेकांना रुचले नव्हते, इतर प्रकाशकांसाठी आणलेल्या नव्या परवान्याच्या अटी जाचक होत्या. पण मासिकाच्या वर्गणीदारांची यादी, त्यांचा विश्वास आणि त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांची फळी या तिन्ही गोष्टी विझर्ड्सने आपल्या हाताने दुसऱ्याच्या स्वाधीन केल्या होत्या. त्यांना वाटलं आपण एक जुनं माध्यम बंद करतोय.

लेखकांच्या हक्कांचा प्रश्न तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात आलाही नसेल. तो आधी सोडवा. 1999 मध्ये ड्रॅगनच्या पहिल्या 250 अंकांचा संच सीडीवर निघाला होता. वाचकांना तो अमृतासारखा वाटला. पण लेखकांशी आणि चित्रकारांशी केलेले जुने करार मासिकात एकदा छापण्यापुरते होते, आणि इलेक्ट्रॉनिक पुनर्मुद्रणाचे पैसे कुणाला, यावरून वाद उभा राहिला. ‘नाइट्स ऑफ द डिनर टेबल’ या चित्रकथेच्या हक्कांबाबत तर केंझर अँड कंपनीशी तडजोडच करावी लागली. जून 2001 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध तासिनी या खटल्यात निकाल दिला की स्वतंत्र लेखकांचे लेख त्यांच्या संमतीशिवाय इलेक्ट्रॉनिक संग्रहात घालता येणार नाहीत. माझ्या मते निकाल योग्यच होता. लेखकाला डावलून केलेला संग्रह मला वाचक म्हणूनही नको. पण परिणाम असा की त्या सीडीनंतर ड्रॅगनच्या सगळ्या छापील अंकांचा संच अधिकृतपणे पुन्हा निघाला नाही. एवढा मोठा ठेवा अडकून पडला, कारण 1980 च्या आसपास करार लिहिणाऱ्यांना पुढचं दिसणं शक्य नव्हतं. तुम्हाला मात्र ते दिसतंय. आजच्या लेखकाशी करार करताना त्यात डिजिटल अंक, जुन्या अंकांचा संग्रह आणि त्याचा मोबदला या गोष्टी आताच लिहून घ्या, आणि जुन्या लेखकांना पत्रं पाठवायला आजपासून लागा. दहा वर्षांनी त्यांचे पत्ते सापडणार नाहीत.

टेबलावरचे खेळ सोडून व्हिडिओ गेमकडे पाहिलं तरी तेच दिसतं. ‘गेम इन्फॉर्मर’ हे 1991 पासूनचं अमेरिकी मासिक. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच्या मालक कंपनीने ते एका दिवसात बंद केलं आणि संकेतस्थळावरचा सगळा मजकूर काढून तिथे निरोपाचा एक मजकूर ठेवला. तीन दशकांहून अधिक काळाचं मासिक, आणि त्याच्या संकेतस्थळावर साठलेलं लिखाण दुपारपर्यंत नाहीसं. नशीब की 2025 मध्ये नव्या मालकाने मासिक विकत घेऊन जुन्या संपादकांनाच परत बोलावलं आणि जुना मजकूरही परत आणला. पण मधल्या काळात ज्याला एखादा जुना लेख हवा होता त्याला तो सापडला तो छापील अंक जपून ठेवणाऱ्यांकडे. जानेवारी 2025 मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने आपलं डिजिटल ग्रंथालय लोकांसाठी खुलं केलं; त्यात बंद पडलेल्या मासिकांचे 1,500 हून अधिक अंक आहेत. असे संग्रह उभे राहतात ते कुणीतरी जपलेल्या कागदी अंकांवर.

छापील मासिक टिकूच शकत नाही असंही समजू नका. इंग्लंडचं ‘व्हाइट ड्वार्फ’ 1977 पासून निघतंय. 2014 मध्ये प्रकाशकांनी त्याचं साप्ताहिक केलं, जोडीला वेगळं चित्रमय मासिक काढलं. ते वाचकांच्या पचनी पडलं नाही आणि 2016 मध्ये ते पुन्हा भरगच्च मासिक झालं. ते आजही कागदावर छापलं जातं. त्याच्यामागे लघुमूर्ती विकणारी मोठी कंपनी आहे, हे खरं. सगळ्यांना ते परवडणार नाही.

आपल्याकडे सांगण्यासारखं एक चांगलं उदाहरण आहे. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून छापलं जातंय आणि त्याच्या जुन्या अंकांचा संग्रह बालभारतीने इंटरनेटवर मोफत खुला केला आहे. मुखपृष्ठासकट, चित्रांसकट, पानांच्या मूळ मांडणीसकट. अमेरिकेतला किंवा दुबईतला मराठी मुलगा आपल्या आईने वाचलेला अंक आज तसाच्या तसा वाचू शकतो, आणि महिन्याचा नवा अंक छापूनही निघतो. डिजिटल माध्यमाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

मराठीत मासिक काढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1954 च्या कायद्यानुसार छापील पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या प्रती देशातल्या ठरावीक ग्रंथालयांत जमा होतात. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईतलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ही त्यांपैकी दोन. हा कायदा छापील प्रतींसाठी आहे. ज्या महिन्यापासून तुमचं मासिक फक्त डिजिटल होईल त्या महिन्यापासून ते या व्यवस्थेबाहेर जाईल. पन्नास वर्षांनी महाराष्ट्रातल्या खेळांचा, छंदांचा इतिहास कुणी लिहायला बसलं तर तुमचा शेवटचा छापील अंक ही त्याच्यासाठी मासिकाची शेवटची खूण असेल. म्हणून दर वर्षाचे बारा अंक निदान दहा-वीस प्रतींत छापून, बांधून ग्रंथालयांना पाठवा. आता मागणीप्रमाणे मोजक्या प्रती छापणं अवघड राहिलेलं नाही, आणि ज्या वर्गणीदारांना तो वार्षिक खंड विकत हवा असेल ते तुमच्या खर्चाला हातभारच लावतील.

डिजिटल अंक काढणार असाल तर तो अंक म्हणून काढा. त्याला क्रमांक द्या, तारीख द्या, अनुक्रमणिका द्या, शेवटचं पान द्या. वर्गणीदाराला तो आपल्या संगणकावर उतरवून घेता येऊ द्या, कुलूप न लावता; वर्गणी थांबवल्यावरही तो त्याचाच राहू द्या. चोरट्या प्रतींची भीती तुम्हाला वाटेल. पण 2009 मध्ये विक्री थांबवल्याने चोरट्या प्रती थांबल्या नाहीत. पैसे देऊन घेणाऱ्यांची वाट तेवढी बंद झाली. अ‍ॅप काढायचं तर काढा, पण अंक अ‍ॅपमध्ये कोंडू नका. अ‍ॅपचं आयुष्य मासिकाच्या आयुष्याहून फार कमी असतं हे ड्रॅगन प्लसने दाखवून दिलं आहे.

आणि बाहेरून येणाऱ्या लिखाणासाठी दार उघडं ठेवा. छपाईचा खर्च वाचला की पहिली कात्री संपादनावर चालते, हे मी अनेक मासिकांत पाहिलं आहे. तसं करू नका. वाचलेल्या पैशातला काही भाग आलेली हस्तलिखितं वाचणाऱ्या माणसाच्या पगारासाठी बाजूला ठेवा. साताऱ्यातल्या नाही तर मडगावातल्या एखाद्या मुलीने रचलेला नवा खेळ, काढलेला नकाशा, लिहिलेलं अ‍ॅडव्हेंचर तुमच्याकडे येईल. ते वाचा. नाकारलं तर का नाकारलं ते दोन ओळींत कळवा. त्या दोन ओळींवर माणसं पुढची दहा वर्षं लिहितात.

शेवटी, निर्णय झालाच असेल तर तो वाचकांना बातमीतून कळू देऊ नका. तुमच्याच मासिकाच्या संपादकीयात, आधी दोन-तीन अंक, स्वच्छ शब्दांत सांगा. चालू असलेली मालिका अर्धवट सोडू नका. सॅव्हेज टाइडचा शेवट छापला गेला याबद्दल वाचक आजही कृतज्ञ आहेत. शेवटचा छापील अंक कोणत्या महिन्याचा, उरलेल्या वर्गणीचं काय होणार, जुने अंक यापुढे कुठे आणि कुणाला वाचायला मिळतील, या प्रश्नांची उत्तरं त्याच पानावर द्या आणि खाली संपादक म्हणून आपलं नाव घाला. उत्तरं तयार नसतील तर छपाई आणखी काही महिने चालू ठेवा. त्या काळात वर्गणी वाढवावी लागली तर वाढवा. आम्ही भरू.

आपली,
पुण्याची एक वर्गणीदार वाचक